अंगण असलेले पाळणाघर : ठाण्यातील एका घरगुती पाळणाघराविषयी

ठाण्यात पाळणाघर शोधायला निघालेल्या पालकाला ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द इतक्या ठिकाणी वाचायला मिळतात की त्यांना काही अर्थच उरत नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या नव्या संकुलांमध्ये आम्ही ज्या जागा पाहिल्या, त्यांतील बहुतेक ठिकाणी निसर्ग म्हणजे भिंतीवर रंगवलेला जिराफ आणि जमिनीवर अंथरलेले प्लॅस्टिकचे हिरवे गवत, एवढाच होता. उपवन तलावावरून येऊरच्या जंगलाच्या चढाकडे जाताना आतल्या एका गल्लीत, जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर चालणारे हे घरगुती पाळणाघर मात्र त्या बाबतीत वेगळे निघाले. आमची मुलगी अडीच वर्षांची असताना तेथे जाऊ लागली आणि आता तिचा तेथे एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा काढून झाला आहे. पाळणाघराला फलक नाही आणि ते चालवणाऱ्या ताईंना तो लावायचाही नाही, म्हणून नावाचा उल्लेख टाळून त्यांच्या कामाविषयीच लिहितो.

जागा म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. अंगण फार मोठे नाही; एरवी दोन चारचाकी उभ्या राहतील, एवढेच. कुंपणाच्या भिंतीला लागून जांभूळ आहे, त्याखाली कडीपत्ता, लिंबू आणि जास्वंद आहेत, एका कोपऱ्यात गवती चहा व पानओवा आहे आणि मोरीचे पाणी जिथे वाहून जाते तिथे अळू माजले आहे. दीड ते पाच वर्षांची जास्तीत जास्त आठ मुले घेतली जातात. त्यांना सांभाळायला ताई, एक मावशी आणि ओट्यापाशी ताईंच्या सासूबाई असतात, ज्यांना सगळी मुले आजी म्हणतात. आठ मुलांमागे अंगणात सतत दोन मोठी माणसे असणे ही साधी बाब वाटेल, पण आम्ही पाहिलेल्या मोठ्या पाळणाघरांत ती कुठेही आढळली नाही.

या पाळणाघराची खरी ताकद अशी की तेथे निसर्ग हा विषय म्हणून शिकवला जात नाही, तो दिनक्रमात कामाला लावला जातो. सकाळी साडेआठला मूल पोहोचते आणि दप्तर खुंटीला अडकवून सरळ अंगणात जाते. प्रत्येकाचे एक झाड ठरलेले आहे आणि प्रत्येकाला एक जुना स्टीलचा गडू दिलेला आहे. पिंपातून पाणी घ्यायचे, सांडत-लवंडत झाडापर्यंत न्यायचे आणि बुंध्याशी ओतायचे, हे दिवसाचे पहिले काम. सुरुवातीचे काही दिवस आमची मुलगी दारात आईचा पदर सोडायला तयार नव्हती, तेव्हा ताईंनी तिला समजावण्यात किंवा खेळणे दाखवण्यात वेळ घालवला नाही. ‘तुझं जास्वंद सुकलंय गं,’ एवढेच म्हणून गडू तिच्या हातात दिला. रडणे लगेच थांबले असे नाही, पण ती रडत रडत पाणी घालायला गेली, आणि हातात काम असलेल्या मुलाचे रडणे फार काळ टिकत नाही, हे आम्हाला तेथे दिसले.

साधारण दहापर्यंत मुले बाहेरच असतात. ऊन चढले की आत येऊन हातपाय धुणे आणि खाणे होते: कधी घावन, कधी नाचणीची खीर, कधी उकडलेले रताळे. त्यानंतरचा तासभर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वेळी मुले आजीच्या कामात हात घालतात. थंडीत मटार सोलणे, शेवग्याचा पाला ओरबाडणे, कोथिंबीर निवडणे आणि ज्या दिवशी वालाची उसळ असेल त्या दिवशी डाळिंब्या सोलणे. भिजवून मोड आणलेला वाल दोन बोटांच्या चिमटीत धरून मागून दाबला की आतला दाणा साल सोडून सटकतो आणि निम्म्या वेळा वाटीऐवजी शेजारच्या मुलाच्या मांडीवर पडतो. बोटांची पकड आणि डोळ्याचा अंदाज यांसाठी बाजारात महागडी लाकडी साधने मिळतात. त्यांचे काम येथे वालाने भागते. हे काम तीन वर्षांपुढच्या मुलांनाच देतात, कारण त्याहून लहान मूल दाणा तोंडात घालण्याची आणि तो घशात अडकण्याची भीती असते. धाकट्यांना त्या वेळी चाळणी, पळी आणि परातभर तांदळाचा कोंडा मिळतो आणि कोंडा घरभर होतो. मावशींची त्यावर कुरकुर असते आणि ती रास्त आहे.

बाराला जेवण. सतरंजीवर पंगत बसते; वरणभात, लिंबू, एक भाजी आणि पावसाळ्यात बऱ्याचदा मेतकूट-भात तूप. भरवणे शक्यतो टाळले जाते, सांडले तर सांडू दिले जाते, पण ताटात घेतलेले टाकायचे नाही यावर आजी ठाम असतात. पाऊण ते तीन झोप. खिडकीला जाड पडदा, पंखा आणि ज्याची त्याची घरून आणलेली गोधडी. गाणी लावली जात नाहीत आणि मोबाइलही दिला जात नाही. ज्याला झोप येत नाही त्याला पडून राहावे लागते, आणि माझ्या मते येथे थोडी सक्ती होते. चार वर्षांच्या पुढची काही मुले दुपारी खरोखरच झोपत नाहीत, त्यांना दोन तास छताकडे पाहत ठेवण्यापेक्षा पुढच्या खोलीत चित्रे काढायला बसवणे सोपे होते. हे आम्ही ताईंना सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की एक उठला की सगळे उठतात.

तीननंतर फळ किंवा दूध, मग गोष्ट आणि बडबडगीते, आणि साडेचारला पुन्हा अंगण. सव्वासहाला पाळणाघर बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान तीन तास हालचाल व्हावी, दोन वर्षांनंतरही पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत असावा आणि दोन वर्षांखाली तो नसलेलाच बरा. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाकडून हे तीन तास पुरे करून घेणे किती अवघड आहे, हे कोणत्याही पालकाला विचारावे. येथे सकाळचा दीड आणि संध्याकाळचा दीड तास अंगणात जातो, म्हणजे हिशेब आपोआप जमतो, आणि त्यासाठी कोणी मुलांकडून व्यायाम करवून घेत नाही.

गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण ताईंची पद्धत त्यात नेमकी दिसते. कडीपत्त्याच्या एका पानावर मुलांना पक्ष्याच्या शिटेसारखे दिसणारे तपकिरी-पांढरे काहीतरी आढळले, आणि ते हलले. ताईंना ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असल्याचे ठाऊक होते, पण त्यांनी सांगितले नाही. फक्त मावशींना बजावले की फोडणीसाठी या फांदीचा पाला तोडायचा नाही. तेवढे दिवस कडीपत्ता बाजारातून आला. अळी मोठी होत गेली, मग एके दिवशी कात टाकून हिरवीगार झाली. एका मुलाने काडीने डिवचताच तिने डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढली आणि तिच्याभोवती उग्र वास पसरला. तिला दोन जिभा आहेत, असे मुलांचे मत पडले. कोणीही ते दुरुस्त केले नाही. पुढे कोश झाला, तो बघायला मुले रोज पाणी घालून झाल्यावर रांगेने जात, आणि फुलपाखरू मात्र रविवारी कोणी नसताना उडून गेले. सोमवारी रिकामा कोश पाहून बरीच निराशा झाली, तीही ताईंनी होऊ दिली; चित्रातले फुलपाखरू दाखवून सारवासारव केली नाही.

ताई पूर्वी बालवाडीत शिक्षिका होत्या आणि त्यांच्या बोलण्यात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे सहज येतात. ठाणेकरांना याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही, कारण ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीत ज्या कामाला सुरुवात केली आणि जे पुढे कोसबाडला गेले, ती दोन्ही गावे 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत शाळाच नेणारी कुरणशाळा आणि खडे, बिया, पाने यांतून तयार केलेली शैक्षणिक साधने ही त्या कामाची ओळख. आज हेच बाहेरच्या देशांची नावे लावून दामदुप्पट शुल्काला विकले जाते, हे पाहिले की थोडे हसू येते. अक्षरे आणि अंक येथे शिकवत नाहीत, त्यामुळे काही पालक वर्षाच्या मध्यातच मुलाला काढून घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे, हे सांगूनही त्यांचे समाधान होत नाही.

सुरक्षिततेबाबत ताई काटेकोर आहेत. घर घेतले तेव्हा कुंपणाशी कण्हेर होती, ती विषारी असल्यामुळे मुळासकट काढली. पिंप झाकलेले असते आणि दर आठवड्याला ते व कुंड्यांखालच्या बश्या कोरड्या केल्या जातात, कारण डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. येऊरकडून माकडे उतरली की सगळ्यांना आत घेऊन जाळीचे दार लावले जाते. जंगलात सहल नेण्याचा आग्रह काही पालकांनी धरला होता, तो ताईंनी बिबट्याचा उल्लेख करून एका वाक्यात संपवला.

आता तक्रारी. कॅमेरा नाही, आम्हाला त्याचे फारसे वाटत नाही, कारण कोणत्याही वेळी न सांगता गेलो तरी दार उघडते, पण ज्यांना कामावरून मूल दिसायला हवे त्यांनी हे लक्षात घ्यावे. आजारपणाची माहिती मात्र वेळेवर मिळत नाही. पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडावर फोड येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा पहिल्या मुलाला लागण झाल्याचे इतर पालकांना दोन दिवस उशिरा कळले. त्या मुलाच्या घरच्यांना संकोच वाटू नये म्हणून आपण थांबलो, असे ताई म्हणाल्या. नाव न घेताही सावध करता आले असते, आणि हे त्यांनी नंतर मान्य केले. ताईंच्या घरी कार्य असले की पाळणाघर बंद, आणि त्याला पर्यायी व्यवस्था नाही. शनिवारी सुट्टी असते. सर्वांत मोठी अडचण सव्वासहाच्या वेळेची. मुंबईहून लोकलने परतणाऱ्या आईवडिलांना ती गाठणे जवळजवळ अशक्य आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देण्याची सवलतही दिली. पण कार्यालय मुंबईत आणि घर ठाण्यात असेल, तर गर्दीच्या लोकलमधून दोन वर्षांचे मूल रोज ने-आण करणार कोण? माझ्या पत्नीच्या कार्यालयात अशी सोय आहे आणि ठाण्याहून येणाऱ्या एकीनेही ती वापरलेली नाही. आमच्यापुरता तोडगा असा निघाला की मी घरून काम करण्याचे दिवस वाढवून घेतले आणि उरलेल्या दिवशी त्याच इमारतीतील एका मुलाची आजी आमच्या मुलीलाही तासभर वर घेऊन जाते.

शुल्क वयानुसार आणि तासांनुसार बदलते; परिसरातील साखळी पाळणाघरांपेक्षा ते काहीसे कमी आहे आणि त्यात दोन्ही वेळचे खाणे व जेवण येते, डायपर आपले द्यावे लागतात. आठच जागा असल्याने बहुधा वाट पाहावी लागते आणि नवी मुले जूनमध्ये किंवा दिवाळीनंतरच घेतली जातात. पहिला आठवडा आई किंवा वडिलांपैकी एकाने अंगणात बसणे सक्तीचे आहे, आणि बसणाऱ्याने मोबाइल बाजूला ठेवावा, असे ताई स्पष्टपणे सांगतात. पाहायला जायचे असेल तर सकाळी नऊच्या सुमारास जावे, कारण दुपारी सगळे झोपलेले असतात आणि घर इतर कोणत्याही घरासारखेच दिसते. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी मुलाला अंगावर जुनेच कपडे घालावेत आणि दोन जोड जास्तीचे द्यावेत. चिखल निघतो, जांभळाचे डाग निघत नाहीत.