बीएमडी की वीझल? पॅरा ब्रिगेडसाठी गाडी निवडताना

छत्रीसैनिकांसाठी चिलखती गाडी घ्यायची झाली तर कोणती, असं विचारलं की बहुतेक जण आधी तोफेचं माप सांगतात. माझ्या मते आधी बघावं ते हे: गाडी खाली कशी येते, आणि आली तेव्हा तिच्यात माणसं असतात का.

रशियन बीएमडी-2 साधारण आठ टनांची. ॲल्युमिनियमचं चिलखत, 30 मिलिमीटरची तोफ, पाण्यात पोहण्याची सोय. इल्युशिन-76 या मालवाहू विमानातून पॅराशूटने टाकता येते आणि सैनिकांची तुकडी पोटात घेऊन पळते. पूर्वी गाडी एकीकडे पडायची, माणसं भलतीकडे. मग गाडी हुडकत फिरा. हा घोळ मिटवायला सोव्हिएत सैन्याने माणसं आत बसवूनच गाडी फेकली. 5 जानेवारी 1973 रोजी बीएमडी-1 मधून, म्हणजे याच गाडीच्या आधीच्या आवृत्तीतून, असे दोघे उतरले. त्यातला एक छत्रीदलाचे प्रमुख जनरल मार्गेलोव यांचा मुलगा, अलेक्झांडर. बापाच्या काळजाला दाद द्यावी की मुलाच्या, कळत नाही.

पण इंजिन मागे असल्याने या गाडीला मागचा दरवाजा नाही. सैनिकांना टपावरच्या झाकणातून, इंजिनावरून बाहेर पडावं लागतं, आणि समोरून गोळीबार चालू असेल तर ते महागात पडतं. अफगाणिस्तानात सुरुंगांपुढे हे पातळ चिलखत टिकेना, तेव्हा तिथल्या छत्रीदलाच्या तुकड्यांना पुढे बीएमपी-2 सारख्या पायदळाच्या जड चिलखती गाड्या दिल्या गेल्या.

जर्मन वीझल-1 वेगळ्याच जातीची. पोर्शेने आखलेली, वजन तीन टनांहून कमी, रुंदी जेमतेम 1.8 मीटर. वर 20 मिलिमीटरची तोफ किंवा रणगाडाविरोधी टो क्षेपणास्त्रं. सीएच-53 हेलिकॉप्टरच्या पोटात दोन मावतात. रॅम्प उघडला की चालवतच बाहेर. शोधाशोध नाही. मात्र आत दोघे-तिघेच, बाकीची पलटण पायी. पोहणंही नाही, आणि चिलखत रायफलच्या गोळ्या नि तोफगोळ्यांचे तुकडे अडवण्यापुरतंच.

अमेरिकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. 1989 मध्ये पनामात त्यांनी शेरिडन हे हलके रणगाडे पॅराशूटने उतरवले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेला एम10 बुकर हा रणगाडा इतका जड की पॅराशूटने टाकायचा प्रश्नच नव्हता. 2025 मध्ये तो गुंडाळला.

आता आपलं काम काय ते बघू. डिसेंबर 1971 मध्ये आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला 2 पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण, म्हणजे मूळची 3 मराठा लाइट इन्फन्ट्री, उतरली आणि तिने पुंगलीचा पूल धरला. सोबत तोफखाना होता, चिलखत नव्हतं. असा पूल किंवा खिंड मागची फौज येईपर्यंत धरायची असेल, तर आडोशाला दडलेली क्षेपणास्त्रवाली वीझल पुरेशी आहे. उतरल्यावर पन्नास किलोमीटर आत मुसंडी मारायची असेल, तर बीएमडीला पर्याय नाही.

डोंगरी सीमेचा विचार करता माझं मत वीझलच्या बाजूने. आपली चिनूक हेलिकॉप्टरं चार टनांची एम777 तोफ टांगून नेतात, त्यामुळे वजनाची अडचण नाही. अडचण एवढीच की वीझल-1 चं उत्पादन कधीच थांबलंय. त्या मापाची गाडी इथेच घडवावी लागेल, आणि त्यात पहिली आवृत्ती क्षेपणास्त्राची हवी.