सुपर मारिओ ओडिसी: कॅसेटवाल्यांनी तर खेळायलाच पाहिजे

सुपर मारिओ ओडिसी तसा जुना झाला आता, 27 ऑक्टोबर 2017 ला निन्टेंडोच्या स्विच या गेम मशीनवर आलाय, रिव्ह्यू ढिगानं पडलेत, मग आता कामून लिहायलास असं कुणी म्हणंल. तर ग्राफिक्स, कंट्रोल, उड्या मारायची मजा सगळं एक नंबर आहे, तो विषय संपला. मला लिहायचंय ते या गेममध्ये जागोजागी लपवलेल्या जुन्या गोष्टींवर, कारण नव्वदीत आपल्याकडं टीव्ही गेम खेळलेल्या माणसाला त्या दिसल्यावर जे वाटतं ना, ते त्या रिव्ह्यूंमध्ये मला कुठंच सापडलं नाही.

लातूर, परभणी, नांदेडकडं आम्ही पोरं निन्टेंडो वगैरे काही म्हणायचो नाही, टीव्ही गेम आणि कॅसेट एवढंच. कॅसेटवर नुसते नऊ नऊ नऊ छापलेले, आत तेच ठरलेले गेम फिरून फिरून यायचे. त्यात एक माकडाचा गेम असायचा, वरून गोरिला पिंपं सोडायलाय, खालून टोपीवाला शिड्या चढायलाय, आणि सगळ्यात वर एक बाई अडकलेली. तो डाँकी काँग, 1981 चा, शिगेरू मियामोतोनं बनवलेला. तो टोपीवाला म्हणजेच मारिओ, पण तेव्हा नाव होतं जंपमॅन आणि धंदा सुताराचा, प्लंबर तो नंतर झाला. मारिओ हे नाव अमेरिकेत निन्टेंडोनं ज्याचं गोडाऊन भाड्यानं घेतलं होतं त्या मालकाचं, आणि वरच्या बाईचं पॉलीन हे नाव निन्टेंडोच्याच तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या बायकोवरून पडलं. मूळ नाणं टाकायच्या मशीनवर चार स्टेज होत्या, घरच्या व्हर्जनमध्ये तीनच ठेवल्या, सिमेंटची घमेली पट्ट्यावरून सरकत येतात ती स्टेज काढून टाकली, आणि आपल्या कॅसेटींवर यायचा तो हाच तीनवाला.

आता ओडिसीत येतं न्यू डाँक सिटी. उंच बिल्डिंगी, पिवळ्या टॅक्स्या, कोट-टोपीतली माणसं, आणि या शहराची महापौर कोण तर पॉलीन! जी बाई वर उभी राहून नुसती मदत मागायची ती आता अख्खं शहर चालवायलीय. गाड्यांच्या नंबर प्लेटवर 1981 लिहिलंय, रस्त्यांना, दुकानांना डाँकी काँग मालिकेतल्या पात्रांची नावं, डिक्सी, डिडी, आणि कॉफीचं दुकान एक्सप्रेसोच्या नावाचं, तो 1994 च्या डाँकी काँग कंट्रीमधला शहामृग. आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं वाढलेला माणूस नुसत्या पाट्या वाचत फिरला तरी त्याला कुठली आळी कशाची ते कळतं, तसंच इथं पण, पाट्या वाचत फिरा, कुठंही घाईनं पळू नका.

पण या गेमला मी मानतो ते पाट्यांसाठी नाही, पाट्या कुणी पण लावंल. मानतो ते फेस्टिव्हलसाठी. आधी तुम्ही पॉलीनसाठी बँडवाले गोळा करता, ड्रमवाला, बासवाला, गिटारवाला, ट्रम्पेटवाला, मग रात्री फेस्टिव्हल सुरू होतो, पॉलीन गायला लागते, आणि तुमचा मारिओ पाइपात शिरून चपटा होतो, आठ बिटवाला, कॅसेटमधला, आणि बिल्डिंगीच्या भिंतीवर पळायला लागतो. लोखंडी गर्डर, शिड्या, गडगडत येणारी पिंपं, आणि शेवटाला समोर तोच गोरिला. माझी बोटं बरोबर वेळेवर पिंपावरून उडी मारायलीत, कुणी शिकवायची गरजच पडली नाही. भरून आलं खरंच सांगतो. जुनी गोष्ट दाखवायची तर अशी दाखवावी, भिंतीवर फोटो टांगून नाही, माणसाच्या हातात देऊन.

कपड्यांचं पण तसंच. वरवर वाटतं नुसती फॅशन आहे, पण डॉक्टरचा कोट 1990 च्या डॉक्टर मारिओतला, बांधकामवाल्याचा ड्रेस मारिओ मेकर गेमचा, आणि ती मोठी मेक्सिकन टोपी तर गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या मशीनवरच्या क्विक्स नावाच्या गेममधली, त्यात मारिओ वाळवंटात गिटार वाजवताना दिसतो, बगा कुठनं कुठनं शोधून आणलंय. आणि तीच टोपी घातल्याशिवाय वाळवंटातल्या एका खोलीत तुम्हाला आत सोडत नाहीत. मारिओला चपटा करणाऱ्या पाइपात गेलात तर तिथला बारका मारिओ पण तोच ड्रेस घालून येतो, संगीत पण टीव्ही गेमसारखं टिंव टिंव होतं. एवढं कोण बघणार होतं हो? तरी केलंय.

मुख्य गोष्ट संपल्यावर राजकुमारी पीचचा वाडा उघडतो, त्यात मारिओ 64 या जुन्या गेमच्या आठवणी भरल्यात, गच्चीवर मारिओचा डायनासोर योशी, भिंतीवर उड्या मारून शिरायची चित्रं, आणि बाकी गेमभर शोधून गोळा करायचे ते मून, त्यांच्या जागी इथं स्टार मिळतात. तो गेम मी लहानपणी खेळलोच नाही, म्हणून मला तिथं छान वाटलं पण पोटात काही हललं नाही. हे पण लिहायला पाहिजे, ज्याचं त्याचं लहानपण वेगळं.

न आवडलेलं म्हणजे मूनची संख्या. 999 पर्यंत जाते, त्यातले शेवटचे कितीतरी तर दुकानातून विकत घ्यायचे, ती नुसती भरती आहे, तिथं शोधायची मजाच राहत नाही.

बहिणीचा पोरगा पाचवीला आहे, त्यानं कॅसेट हातात पण धरलेली नाही, तो फेस्टिव्हल सगळा नाचत नाचत खेळला आणि मग विचारला, मामा, ह्या माकडाचा काय राग हाय आपल्यावर? त्याला बसवून सगळं सांगितलं, जंपमॅनपासून. म्हणजे माहीत नसलं तरी मजा येते, माहीत असलं तर दुप्पट येते.

म्हणून घेणार असाल तर एक करा, 1981 चा मशीनवाला डाँकी काँग पण स्विचवर विकत मिळतो, चारी स्टेजवाला, तो आधी थोडा खेळा, घमेलीवाली स्टेज बगून घ्या जी आपल्याला कधी मिळालीच नव्हती, आणि मग न्यू डाँक सिटीत उतरा. आणि फेस्टिव्हलच्या वेळी टीव्हीला जोडा, बारक्या स्क्रीनवर उरकू नका.