मळ्यातील शुक्रवारची गिटार

पणजीच्या मळा भागात एका जुन्या घराच्या बैठकीत एक लहानसे रेस्टॉरंट चालते. तेथे दर शुक्रवारी सायंकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात एक वादक ध्वनिवर्धकाशिवाय गिटार वाजवतो. गायन नसते, सोबतीला ड्रम किंवा की-बोर्डही नसतो. गेल्या दोन महिन्यांत मी तेथे चार वेळा गेले. दिवसभर कार्यालयातील आवाजांनी शिणलेल्या मनाला इतका निवांतपणा देणारी दुसरी जागा मला या शहरात सापडलेली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वादकाकडे नायलॉनच्या तारांची स्पॅनिश घडणीची गिटार आहे. या वाद्याला आजचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने दिला. उंच सुरांच्या तारा मात्र त्यानंतरही बराच काळ जनावरांच्या आतड्याच्याच असत. नायलॉन आला तो १९४० च्या दशकात. पोलादी तारेला असतो तसा टणत्कार या तारेला नाही. नख आणि बोटाचे टोक मिळून तार छेडतात तेव्हा सुराची सुरुवातच मऊ होते, आणि दुसऱ्या ओळीतील टेबलापाशी बसले तर बोट तारेवरून सरकल्याची बारीक खसखसही ऐकू येते.

हे वादन मनाला विसावा का देते, याचा मी बराच विचार केला. हार्मोनियमचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो, व्हायोलिनचा गज फिरेपर्यंत टिकतो. गिटारचा सूर मात्र छेडल्या क्षणापासून ओसरू लागतो आणि वादकाला तो धरून ठेवता येत नाही. कान त्या ओसरणाऱ्या सुरामागे जात राहतो, पुढचा सूर येईपर्यंत थांबतो, आणि काही मिनिटांत आपला श्वासही संथ झाल्याचे लक्षात येते. दुसरे असे, की या वाद्याच्या मोकळ्या तारा सुमारे ८२ ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान बोलतात आणि आपल्या रोजच्या बोलण्याची पट्टीही साधारण त्यातच असते. त्यामुळे जवळचे कोणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखे वाटते. याच कारणाने शेजारची चढ्या आवाजातील गप्पा या वाद्याला सर्वांत आधी झाकून टाकते.

मालकीणबाईंना हे नेमके कळलेले आहे. खोलीत टीव्ही नाही, टेबले नऊच आहेत, प्रत्येकावर जाड सुती कापड आहे, आणि रचना संपेपर्यंत वाढपी बिल आणत नाही. वर लाकडी तक्तपोशी आणि रस्त्याच्या बाजूला शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडक्या असल्याने सूर खोलीत घुमत नाही, पण कोरडाही पडत नाही.

दुसऱ्या खेपेस मी फोंड्याच्या मामांना घेऊन गेले. त्यांनी आयुष्यभर भजनात पखवाज वाजवला. गिटार म्हणजे हॉटेलातील करमणूक, असे त्यांचे मत होते. त्या दिवशी वादकाने फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांची ट्रेमोलोची एक रचना घेतली. यात अंगठा खालच्या पट्टीतील सूर देत असतो आणि अनामिका, मधले बोट व तर्जनी ही तीन बोटे एकाच तारेवर पाठोपाठ आघात करतात, त्यामुळे तुटक सुरांची अखंड धार लागल्याचा भास होतो. मामा टक लावून त्या बोटांकडे पाहत होते. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “अगं, हे तर चार बोटांचे तिरकिट आहे!” त्यानंतर सोलकढीचा पेला त्यांच्यासमोर तसाच राहिला.

सर्वांत समाधान मिळते ते मांडोच्या, म्हणजे गोव्यातील संथ कोंकणी प्रेमगीतांच्या, चाली केवळ तारांवर ऐकताना. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जात असे. त्या शिकवणीतून आणि इथल्या मातीतून हा प्रकार घडला. शब्द काढून घेतल्यावर त्यातील हुरहुर उणी होईल अशी मला शंका होती, पण तसे झाले नाही. शेजारच्या टेबलावरील एक वृद्ध बाई आवाज न करता ओठांनी शब्द म्हणत होत्या.

जेवण साधे आणि चांगले आहे. तिसऱ्यांचे सुके ताज्या खोबऱ्याचे असते, पोये (गोव्याचे पाव) गरम मिळतात, सेराडुरा हा बिस्किटांचा चुरा आणि क्रीमचा गोड पदार्थ मात्र जरा अधिक गोड वाटला.

दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. स्वयंपाकघराचे दार उघडेच राहते आणि अगदी हळुवार जागी मिक्सर सुरू होतो. दुसरी अधिक गंभीर आहे. तिसऱ्या खेपेस गर्दी मोठी होती, मागच्या टेबलांवरून आग्रह झाला आणि वादकाने गिटार स्पीकरला जोडली. आवाज वाढला, पण सुराचे शेवटचे ओसरणे स्पीकरच्या गुणगुणीत बुडाले, आणि हलका आघात व जोरकस आघात यांतील अंतर मिटले. लोक त्या आवाजावरून अधिक मोठ्याने बोलू लागले. मालकीणबाईंना मी हे नम्रपणे सांगितले. चौथ्या खेपेस स्पीकर कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला होता.

जायचे असल्यास आधी फोन करून खिडकीकडील दुसऱ्या ओळीतील टेबल मागावे. गाडी रुआ द ओरेमच्या खाडीकाठी लावून चालत जावे आणि सव्वासातला पोहोचावे, कारण वादक पहिली पाच मिनिटे तारा जुळवतो, आणि तेही ऐकण्यासारखे असते.