हायस्कूलवरचा विनोदी अ‍ॅनिमे निवडताना: सहा मालिका, सहा चाली

जपानी हायस्कूलवरचा विनोदी अ‍ॅनिमे बघायचा ठरवला की शिफारशींचा ढीग पडतो, आणि लांबून सगळ्या मालिका सारख्याच दिसतात. तोच गणवेश, तीच खिडकीशेजारची मागची जागा, तोच गच्चीवर उघडलेला डबा. कथानक वाचून निवड करायला गेलं तर फसगत होते, कारण या प्रकारात कथानक बहुतेक वेळा नावापुरतंच असतं. बघायचं ते हे की एक विनोद उभा राहून फुटायला किती वेळ घेतो. कुणाला दहा सेकंदांची शांतता आवडते, कुणाला ती सोसत नाही. हा वेळ बहुधा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) कोणत्या पानांवर, किती चौकटींत छापून येत होता यावरून ठरलेला असतो.

इथे सहा मालिका घेतल्या आहेत: अझुमांगा दाइओ (2002), निचिजो (2011), डेली लाइव्ह्ज ऑफ हायस्कूल बॉइज (2012), मंथली गर्ल्स नोझाकी-कुन (2014), साइकी के. (2016 पासून) आणि कागुया-सामा: लव्ह इज वॉर (2019 पासून). सगळ्या मांगावरून केलेल्या आहेत. आधी एक घोळ टाळून घ्या. हायस्कूल बॉइजचं जपानी नाव ‘दान्शी कोकोसेई नो निचिजो’ असं आहे, त्यामुळे नुसतं ‘निचिजो’ शोधलं की कधी ही समोर येते, कधी ती. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

जपानचं हायस्कूल तीन वर्षांचं असतं, साधारण 15 ते 18 वयाचं, म्हणजे आपल्या दहावी ते बारावीच्या आसपासचं. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. क्रीडादिन, सांस्कृतिक महोत्सव, सहल आणि निरोप समारंभ हे टप्पे सगळ्यांच्या ओळखीचे असतात, त्यामुळे मालिका ते समजावत बसत नाही. एवढं ठाऊक असलं तरी निम्मं अडखळणं कमी होतं.

चार चौकटींचा पट्टा: अझुमांगा आणि नोझाकी-कुन

या दोन्हींचा मूळ मांगा योनकोमा प्रकारातला, म्हणजे वरून खाली वाचायच्या चार चौकटींचा. पहिलीत प्रसंग मांडला जातो, दुसरीत तो पुढे सरकतो, तिसरीत कलाटणी मिळते आणि चौथीत निकाल लागतो. पडद्यावर असा एक पट्टा वीस-तीस सेकंदांत संपतो, आणि एका भागात असे कितीतरी बसवावे लागतात. ते एकमेकांना जोडायचे कसे, ही दिग्दर्शकाची खरी परीक्षा. या दोन मालिकांनी त्यावर काढलेले मार्ग अगदी उलटे आहेत.

अझुमांगाने जोडायचं टाळलंच. जे.सी. स्टाफ स्टुडिओने ती जपानी टीव्हीसाठी पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत केली. ते तुकडे सोमवार ते शुक्रवार रोज एक दाखवायचे आणि आठवड्याच्या शेवटी पाचही एकत्र. आज जे 26 भाग मिळतात ते असे जुळवलेले आहेत, म्हणून प्रत्येक भागात पाच छोटी शीर्षकं येतात. पट्ट्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमधली कोरी जागा इथे चक्क शांतता म्हणून ठेवली आहे. ओसाका नावाची मुलगी शून्यात बघते, काहीच घडत नाही, आणि मग ती एक अजब प्रश्न विचारते. तिचं हे टोपणनाव ती ओसाकाहून आली म्हणून पडलं आहे. तिकडची माणसं बोलघेवडी आणि चटपटीत असतात असा जपानात समज आहे, आणि ही पोरगी नेमकी मंद लयीची. हे माहीत नसेल तर वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्याकडून कसली अपेक्षा करतात ते कळत नाही.

अझुमांगा नेहमी एकाच कारणाने फसते: प्रेक्षक ती 1.25 किंवा 1.5 वेगाने लावतो. शांतता कापली गेली की विनोदही कापला जातो. मूळ वेगाने, रोज एक भाग, एवढंच तिचं पथ्य. एका बैठकीत चार भाग बघितले तर कंटाळा ठरलेला आहे.

या मालिकेचं मोठं बळ म्हणजे काळ. मूळ मांगा मासिकातून 1999 ते 2002 या काळात आला आणि त्याच्या प्रकरणांना महिन्यांची नावं होती, एप्रिल, मे अशी. वाचकांची तीन वर्षं गेली आणि पात्रांचीही. अ‍ॅनिमेने तेच ठेवलं आहे: क्रीडादिन दरवर्षी येतो, चियोच्या समुद्राकाठच्या घरी मुक्काम होतो, तिसऱ्या वर्षी ओकिनावाची सहल होते आणि शेवटी शाळा संपते. दहा वर्षांची हुशार चियो, मांजरांवर जीव टाकणारी पण त्यांच्याकडून चावे खाणारी साकाकी, आणि विद्यार्थिनींपेक्षा पोरकट वागणाऱ्या युकारीबाई यांच्यात फारसं काही ‘घडत’ नाही, तरीही 26 भागांनंतर निरोप जड जातो. सहा मालिकांत असा पूर्ण, बंद झालेला शेवट हिलाच आहे.

खटकणारी गोष्ट एकच, पण ती ठळक आहे. किमुरा नावाचा शिक्षक विद्यार्थिनींकडे उघड वाईट नजरेने बघतो आणि मालिका त्यावर हसते. तेव्हाही ते फार विनोदी नव्हतं, आज तर तोंड वाकडं होतं. त्याचे प्रसंग थोडे आहेत, पण मुलांसोबत बघणार असाल तर आधीच माहीत असावं.

नोझाकी-कुनचा मार्ग वेगळा. दोगा कोबो स्टुडिओने पट्टे असे गुंफले की भाग सलग कथेसारखा वाहतो. साकुरा चियो आपल्या आवडत्या मुलाला मनातलं सांगायला जाते, घाबरून ‘मी तुमची चाहती आहे’ असं काहीतरी बोलून बसते आणि तो तिला सही देतो. कारण हा धिप्पाड, निर्विकार नोझाकी चोरून मुलींसाठीचा प्रेमकथांचा मांगा काढत असतो. पुढे चियो त्याच्या पानांत काळी शाई भरते, मिकोशिबा फुलं आणि चमक काढतो, होरी पार्श्वभूमी रंगवतो, वाकामात्सु स्क्रीनटोन (छायेसाठीचे ठिपक्यांचे कागद) चिकटवतो. मांगा कसा तयार होतो याचं हे बरंच खरं चित्र आहे. कथेवर नाक खुपसणारा संपादक आणि त्याचा रॅकूनसारख्या तानुकी प्राण्याचा हट्ट, हे प्रकरण तर कुठल्याही संपादकासोबत काम केलेल्या माणसाला पुरेपूर कळेल.

अडचण अशी की नोझाकी-कुन ही प्रेमकथांच्या साच्यांची टिंगल आहे. एका छत्रीतून जाणं, सायकलवर मागे बसणं, कबुलीसाठी शाळेमागे बोलावणं हे साचे आधी कुठेतरी पाहिलेले असावेत. जपानमध्ये सायकलवर दोघांनी बसणं नियमाबाहेर आहे, म्हणून नोझाकी आपल्या नायक-नायिकेला दोन सीटांची सायकल देतो. साचा माहीत नसेल तर हा विनोद निसटतो. म्हणून ही पहिली मालिका म्हणून घेऊ नका, दुसरी किंवा तिसरी म्हणून घ्या. भाग बाराच आहेत, सुमारे पाच तास. प्रेमाचं पुढे काय झालं याचं उत्तर त्यात नाही आणि दुसरा सीझनही आलेला नाही. ज्याला ‘मग जमलं का त्यांचं?’ हा प्रश्न छळतो, त्याने इकडे वळूच नये.

निचिजो आणि हायस्कूल बॉइज: पैसा कुठे घातला

दोन्हींत रोजच्या शाळकरी आयुष्यातले सुटे तुकडे आहेत. फरक खर्चाच्या जागेत आहे.

निचिजो क्योतो अ‍ॅनिमेशनने केली आणि क्षुल्लक गोष्टीवर चित्रपटाला शोभेल इतकं श्रम ओतलं. डब्यातला सॉसेज हातातून निसटतो, आणि तो जमिनीवर पडू नये म्हणून युकोची धडपड युद्धपटासारखी रंगवली जाते. मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात. मिसातो चिडली की कुठूनशी शस्त्रं काढून गोळीबार करते आणि पुढच्या क्षणी सगळं जसंच्या तसं असतं. दुसऱ्या टोकाला आठ वर्षांची प्रोफेसर, तिने बनवलेली, पाठीला चावी असलेली यंत्रमुलगी नानो आणि स्कार्फ घातल्याने बोलू शकणारं साकामोतो मांजर यांचं शांत घर. पहिल्या अर्ध्या मालिकेत शाळा आणि हे घर वेगळं चालतं. नानो शाळेत जायला लागते ती 26 पैकी दुसऱ्या अर्ध्यात, आणि तिथून मालिका एकदम घट्ट होते.

म्हणूनच निचिजो सोडणारे बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या भागात सोडतात. सगळे तुकडे तितकेच चांगले नाहीत. काही तर नुसते भराव आहेत. तिसरा भाग संपेपर्यंत एकदाही मोठ्याने हसू आलं नाही तर पुढे ढकलत नेण्यात अर्थ नाही. पण एकदा जरी आलं असेल तर चौदाव्या भागापर्यंत थांबा. आणखी एक: दुसऱ्या अर्ध्यात शेवटचं गाणं दर भागाला बदलतं, जुनी जपानी गाणी समूहस्वरात येतात. प्लेअरमधलं ‘पुढचा भाग आपोआप’ बंद केलं नाही तर ती एकही ऐकायला मिळणार नाहीत.

हायस्कूल बॉइजमध्ये चित्रांवर खर्च दिसत नाही. सनराइझची ही बारा भागांची मालिका, दिग्दर्शक शिंजी ताकामात्सु, ज्यांनी गिंतामा ही विनोदी मालिकाही केली आहे. चेहरे स्थिर, हालचाल कमी; सगळा भार संवादावर आणि तो कधी तोडायचा यावर. ओळख करून घ्यायला पहिल्याच भागातला नदीकाठचा प्रसंग पुरे. हिदेनोरी एकटा बसलेला, शेजारी एक पुस्तकवेडी मुलगी येऊन बसते, तिला कादंबरीत शोभेल अशी भेट हवी आहे हे त्याला कळतं, आणि तो वाऱ्यावर काहीतरी भारदस्त बोलायचं ठरवतो. पुढची लाज इतकी खरी आहे की उशी तोंडावर घ्यावी लागते.

मुलांच्या रिकामटेकडेपणावर याहून नेमकी मालिका सापडणं अवघड. बहिणीचा स्कर्ट घालून बघणं, काठीला तलवार समजून गंभीर चेहऱ्याने खेळणं, हे सगळं निर्मळ मूर्खपणाचं आहे. मुलींची बाजू भागाच्या शेवटच्या छोट्या तुकड्यांत येते, तेव्हा शीर्षकगीत वाजायला लागलं म्हणून बंद करू नका. कमतरता अशी की पात्रं लक्षात राहायला वेळ लागतो. ज्याला नायक समजून आपण सुरुवात करतो तो तादाकुनी हळूहळू गायबच होतो. मालिका त्यावरही विनोद करते, पण गोंधळ व्हायचा तो होतोच.

साप्ताहिकातून आलेल्या: साइकी आणि कागुया

साइकी शोनेन जम्पमध्ये आणि कागुया मुख्यत्वे यंग जम्पमध्ये दर आठवड्याला छापून येत होती. एका आठवड्यात एक पूर्ण प्रकरण, सुरुवात ते शेवट. म्हणून इथला विनोद एका ओळीचा नसून एका डावाचा असतो.

साइकीकडे सगळ्या अतींद्रिय शक्ती आहेत आणि त्याला हवी आहे फक्त शांतता आणि कॉफी जेली. भोवती नेंदोसारखा मठ्ठ, ज्याचे विचार वाचताच येत नाहीत, आणि काइदोसारखा स्वतःला गुप्त योद्धा समजणारा. हीसुद्धा आधी रोजच्या पाच मिनिटांच्या तुकड्यांत आली, पण चाल अझुमांगाच्या नेमकी उलट. एका प्रकरणाचा मजकूर पाच मिनिटांत कोंबला आहे, त्यामुळे बोलणं सुसाट. साइकी ओठ न हलवता मनातून बोलतो, वर पडद्यावर मजकूर, खाली सबटायटल. इंग्रजी सबटायटल वाचून बघणाऱ्या मराठी प्रेक्षकाचे डोळे पहिल्याच भागात थकतात. उपाय दोन: इंग्रजी डब लावा, किंवा वेग 0.9 करा. इथे वेग कमी केल्याने काही बिघडत नाही.

क्रम असा: पहिला सीझन 24 भाग, दुसरा 24, मग 2018 चा शेवटाचा विशेष भाग, मग नेटफ्लिक्सचे ‘रीअवेकन्ड’चे सहा भाग. एकूण वीस तासांच्या वर. पण कुठेही सोडता येते आणि महिन्याने परत धरता येते. जेवताना लावायला याहून सोयीची दुसरी नाही.

कागुया तशी सोडता येत नाही. श्रीमंत शिनोमिया कागुया आणि हुशार, गरीब घरचा शिरोगाने मियुकी दोघंही प्रेमात, आणि आधी कबूल करेल तो हरला अशी दोघांची समजूत. छत्री, मोबाइल नंबर, डब्यातला पदार्थ, प्रत्येक गोष्टीचं युद्ध होतं. निवेदक धीरगंभीर आवाजात चाली समजावतो आणि शेवटी जिंकलं कोण ते जाहीर करतो. एका भागात बहुतेक वेळा तीन डाव.

हा साचा पहिल्या सीझनच्या शेवटी थकेल असं वाटू लागतं आणि तिथेच बरेचजण थांबतात. थांबू नये. दुसऱ्या सीझनमध्ये विद्यार्थी मंडळातल्या इशिगामीचं जुनं दुखणं उघड होतं, मिको इनो ही नवी मुलगी येते, आणि मालिका पात्रांवर उभी राहते. सीझन 12, 12 आणि 13 भागांचे, त्यानंतर ‘द फर्स्ट किस दॅट नेव्हर एंड्स’ हा चित्रपट. तो जोडकथा नाही, तिसऱ्या सीझनच्या पुढचाच भाग आहे. वगळला तर प्रेमकथा अर्धी राहते. मांगा 28 खंडांचा, त्यामुळे चित्रपटानंतरचं बरंच काही वाचूनच कळेल. मराठी कानाला इथे एक फायदा आहे: कोण कुणाला आडनावाने, कोण पदाने, कोण ‘सामा’ हा आदरार्थी प्रत्यय लावून बोलवतं ते मूळ आवाजात ऐकत राहा. इंग्रजी सबटायटल ते पुष्कळदा गाळतं, आणि नात्याची खरी हालचाल तिथेच असते.

मग कुठून सुरुवात

प्रेमकथेची ओढ असेल तर कागुया, आणि सवड किमान पंधरा तासांची. घरात दहा-बारा वर्षांचं मूल सोबत बसणार असेल तर निचिजो. तिथे डोळे मिटावेत असं जवळपास काही नाही. कागुयामध्ये लैंगिक गैरसमजावरचे विनोद आहेत, ते पंधराच्या पुढच्यांसाठीच ठीक. कॉलेजातल्या मित्रांच्या टोळक्यासोबत हायस्कूल बॉइज, एका शनिवारात संपते. अ‍ॅनिमे कधीच पाहिला नसेल आणि इंग्रजी ऐकायला हरकत नसेल तर साइकीचा डब. अझुमांगा त्यांच्यासाठी, ज्यांना गोष्ट संपल्यावर ती संपलेली हवी असते.

शोधताना एक काळजी घ्या. साइकीवर 2017 मध्ये आणि कागुयावर 2019 मध्ये खऱ्या कलाकारांना घेऊन चित्रपट झाले आहेत, आणि नावाने शोधलं की अनेकदा तेच आधी दिसतात. पोस्टरवर माणसं दिसली तर मागे फिरा.