ब्रेझाचं डुलणं, चोर्ल्याची वळणं आणि कुर्टीतलं एक गॅरेज

मी राहते डिचोलीला आणि माहेर बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट काही सुटत नाही. गाडी पहिल्या पिढीतली डिझेल व्हिटारा ब्रेझा. सामान, माणसं, कुंद्याचे डबे सगळं भरूनही चढणीला कधी कुरकुरली नाही. तक्रार एकच, वळणावर फार कलायची. १९८ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची उंच गाडी थोडी झुकणार हे मान्य, पण गेल्या पावसाळ्यानंतर ते झुकणं जरा अतीच वाटायला लागलं होतं. केरी सोडून अंजुणे धरण मागे पडलं की मागच्या सीटवरच्या सासूबाई आवळासुपारीची डबी काढायच्या आणि कणकुंबी येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा म्हणाल्या, "तुझी गाडी म्हणजे पालखी गो, आत देव तेवढा बसवायचा राहिलाय."

पुण्याला असणाऱ्या भाच्याने लगेच उपाय सांगितला: आखूड स्प्रिंग बसव, गाडी खाली आली की डुलणं संपलं. त्याची पोलो तशीच आहे. त्याच्या म्हणण्यात खोट काही नाही. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, स्प्रिंग कडक झाली की कलणं कमी होतं. पण तो गणेशचवथीला आला तेव्हा आमच्या वाड्यातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासत होतं आणि तो प्रत्येक ब्रेकरवर माणसं उतरवत होता. जांभ्या दगडाचे कच्चे रस्ते, पावसाने खाल्लेल्या कडा आणि कुणीही स्वखुशीने घातलेले ब्रेकर असलेल्या मुलखात मी माझ्या गाडीची उंची एक इंचसुद्धा देणार नाही. स्प्रिंगचा विषय तिथेच मिटला.

मग फोंड्याजवळ कुर्टीला एका गॅरेजमध्ये गेले. पत्र्याची शेड, एक रॅम्प, दोन पोरं आणि सस्पेन्शनशिवाय दुसरं काम न घेणारा मालक. मी वाचून गेले होते, त्यामुळे थेट जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणावरचं कलणं रोखणारी दांडी मागितली. त्याने गाडी रॅम्पवर घेतली, खालून पहारीने एकेक सांधा हलवून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, आदीं बुश पळोवया. बार मागीर." म्हणजे आधी बुश, सांध्यांत बसणारे रबरी तुकडे, पाहू, बार नंतर.

पुढचे दोन्ही लिंक रॉड खडखडत होते. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशचं रबर फाटलं होतं. पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळून त्यावर लाल मातीचा थर बसला होता. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी पोलादी दांडी. ती चाकांशी जोडली जाते लिंक रॉडने. तोच सैल असेल तर गाडी आधी तेवढी मोकळी कलते आणि मग कुठे बार कामाला लागतो. म्हणजे असलेला बारच अर्धवट चालला होता आणि मी त्याहून जाड विकत घ्यायला निघाले होते.

कंपनीचेच चारही शॉकअप, लिंक रॉड आणि बुश घातले. मला त्याचं काम पटलं ते एका गोष्टीसाठी. गाडी रॅम्पवर लटकत असताना त्याने लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळले नाहीत. चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन बसल्यावर मग आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे न विचारता करणारे कारागीर कमी. जुने भाग त्याने पोत्यात घालून डिकीत ठेवले होते, तेही बरं वाटलं.

एवढ्यानेच चोर्ल्यात फरक पडला, पण कुठे पडला ते नीट सांगायला हवं. लांबलचक एकाच वळणात गाडी शेवटी किती कलते हे शॉकअप ठरवत नाही, ते स्प्रिंग आणि बार ठरवतात. शॉकअप ठरवतो ती किती वेगाने कलते ते. त्यामुळे डावं संपलं की लगेच उजवं अशा जोडवळणांत जो भसकन झोल जायचा तो गेला. सासूबाईंचा त्रास त्या झोलाचाच होता. मोठ्या वळणांत मात्र झुकणं अजून होतंच.

म्हणून पुढच्या खेपेला मागचा बार. या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांच्या आर्मना जोडणारी, थोडी पिळली जाणारी आडवी तुळई असते, तिथे दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारा जादा बार बोल्टने बसवता येतो. कापणं-वेल्डिंग काही नाही. मजुरीसकट साधारण बारा हजार गेले. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २२ मिलिमीटरच्या जागी तशाच घडणीचा २४ चा घेतला तर तो जवळपास ४० टक्के कडक. त्यामुळे "अजून दोन मिलिमीटर जाड घेऊ" हे वाटतं तितकं किरकोळ नसतं. मालकाने मला सर्वांत जाड दिला नाही, आणि ते योग्यच.

आता गाडी वळणात सपाट राहते आणि नाकही आधीसारखं बाहेर पळत नाही, स्टिअरिंग फिरवलं तिथे जाते. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा बार पिळलाच जात नाही, त्यामुळे स्पीडब्रेकरवर काहीच फरक नाही. पण एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका दुसऱ्या बाजूलाही येतो, डोकी हलतात. जांबोटीच्या पुढच्या तुटक्या कडांवर हे जाणवतं. आणि बारमुळे टायरची पकड वाढत नाही. वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं, पुढे किती आणि मागे किती एवढीच वाटणी बदलते. मागे कडक केलं की ओल्या रस्त्यावर मागचा भाग निसटण्याची शक्यता वाढते. पावसात मी पूर्वीच्याच वेगाने जाते. गाडी सपाट आहे म्हणून दाबणाऱ्यांनी हा खर्च करूच नये.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. मी विमा कंपनीला बारबद्दल ईमेलने कळवलं आणि उत्तर जपून ठेवलंय.

गॅरेजबद्दल नावडतं: बसायला जागा नाही, फोन उचलत नाहीत, "सांजेक दिता" म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. चाकांच्या अलाइनमेंटचं (चाकं सरळ रेषेत बसवण्याचं) मशीन नाही, शॉकअप बदलल्यावर ते दुसरीकडे जाऊन करून घ्यावं लागतं, आणि करायलाच हवं. बारचे पॉलियुरेथेनचे बुश पावसाळ्यानंतर कुईकुई करतात. सिलिकॉन ग्रीस लावून घेतलं की थांबतात, तेवढ्याचे तो पैसे घेत नाही.

पैसे बेतानेच असतील तर लिंक रॉड, बुश आणि शॉकअप एवढंच करा, बार राहू द्या. सकाळी नऊच्या आत पोचलात तर रॅम्प रिकामा मिळतो. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र जाऊ नका, सगळ्या गोव्याला तेव्हाच गाडी दुरुस्त करायची असते.