जोडता येणाऱ्या दोन स्लीपिंग बॅगा: पाचपैकी साडेतीन तारे

एकाची चेन डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. दोन्ही पूर्ण उघडून एकमेकींना लावल्या की दोघांची मिळून एक ऐसपैस बॅग तयार. जाहिरातीत तंबूचं दार सताड उघडं असतं, समोर बर्फाचा डोंगर आणि आत हसरं जोडपं. त्या चित्रात कोणाचेच खांदे झाकलेले नसतात, हे नीट बघा. सगळी गोम तिथेच आहे.

आमच्या बॅगा पिसांच्या, ८०० फिल पॉवरच्या. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुलून किती घनइंच जागा व्यापतात त्याचा हा आकडा. जितका मोठा, तितकी तेवढ्याच उबेला बॅग हलकी. सॅक पाठीवर घेऊन हिमनदीच्या बाजूने चालायचं, मग खाली डोंगरातल्या गावात एखादी स्वस्त खोली गाठायची, पुन्हा वर जायचं, असं आमचं फिरणं. कंपनीचं नाव देत नाही, कारण इथले बहुतेक गुणदोष या प्रकारच्या सगळ्याच बॅगांचे आहेत.

आधी लेबल. आमच्या बॅगेवर ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल ते तापमान) उणे ६ आणि ‘लिमिट’ (कशीबशी झोप लागेल ते) उणे १२ अंश सेल्सिअस असं छापलंय. विकणारा दुसरा आकडा ठणकावून सांगतो. हे आकडे आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार येतात, त्याच्याआधी ईएन १३५३७ हे युरोपीय मानक होतं. तापवलेला पुतळा बॅगेत झोपवून मोजमाप करतात. कम्फर्ट धरतात ते सैलसर झोपलेल्या सर्वसाधारण बाईचं, आणि लिमिट अंगाची जुडी करून पडलेल्या सर्वसाधारण पुरुषाचं. ‘एक्स्ट्रीम’ नावाचा तिसरा आकडा तर झोपेचा नाहीच, सहा तास कसाबसा जीव तगवण्याचा आहे. तेव्हा जोडप्याने बघायचा फक्त कम्फर्ट, आणि तोही दोघांत ज्याला जास्त थंडी वाजते त्याच्या हिशेबाने. आमच्यात ती मी. नवरा उणे तापमानातही एक पाय बाहेर काढून झोपणारा.

आणि मुख्य म्हणजे हे आकडे एकट्या, चेन लावलेल्या, गळ्याशी नाडी ओढलेल्या बॅगेचे असतात. दोन जोडल्या की ते आकडे विसरायचे.

का, ते हिमनदीच्या मुखाशी तंबू ठोकल्यावर कळतं. बर्फाला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून थेट आपल्याकडे वाहत येते. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाआड तंबू लावला तर वारा अडतो, पण खोलगट जागा निवडली तर तीच गार हवा तिथे साचून बसते. अशा रात्री एकट्याच्या बॅगेत टोपडं आवळून नाक तेवढं बाहेर ठेवता येतं. जोडलेल्या बॅगेत दोघांच्या खांद्यांच्या मधे एक भगदाड राहतं. गळ्याभोवतीची जी पिसांची वळी ऊब आत कोंडून ठेवते, ती बॅग उघडल्यावर कुचकामी ठरते. वरून कोणी कूस बदलली की लोहाराच्या भात्यासारखी आतली गरम हवा बाहेर आणि बाहेरचा गारठा आत. “अगं, हलू नकोस ना.” “मी कुठे हलतेय, तूच वळलास.” हा संवाद पहाटेपर्यंत चालतो आणि झोपेचं खोबरं होतं.

म्हणून वर, बर्फाजवळ, आम्ही बॅगा वेगळ्या ठेवतो. खाली गावात, जिथे हीटर असून नसल्यासारखा आणि गादी बर्फासारखी, तिथे जोडतो. वारा नसला की जोडलेली बॅग खरोखर स्वर्ग आहे. गुडघे मोकळे वळतात, आणि माझे गार हात ठेवायला एक पाठ मिळते (पाठीच्या मालकाचं मत वेगळं आहे). चेन पार तळापर्यंत जात नसल्यामुळे पायांचे कप्पे मात्र वेगळेच राहतात. मला ते आवडलं, कारण त्याचा बाहेर निघणारा पाय त्याच्याच हद्दीत राहतो.

याच कारणासाठी दोघांची मिळून एकच रुंद बॅग मी घेणार नाही. ती वेगळी करता येत नाही, वाहायची कोणी हा वाद होतो, आणि उद्या एकट्याने जायचं झालं तर ती निम्मी रिकामीच. जोडीच्या बॅगांत आणखी एक सोय आहे जी दुकानात कोणी सांगत नाही: दोन्हींची ऊब सारखी असायची गरज नाही. थंडी वाजणाऱ्याला जाड, उकडणाऱ्याला पातळ, असं घेता येतं. फक्त चेनचा आकार आणि लांबी तंतोतंत जुळायला हवी, आणि एक डावी, एक उजवी हवी. दोन्ही एकाच बाजूच्या घेतल्या तर एकाचं टोपडं खाली उशीला आणि दुसऱ्याचं उलटं तोंडावर येतं. दुकानातच जोडून बघा.

अर्धा तारा चेनपायी गेला. खांद्याशी जिथे ती वळते तिथे आतलं पातळ कापड हमखास दातांत अडकतं. दिवसा सोडवता येतं. रात्री हातमोज्यांनी, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, घाई लागलेली असताना अडकलं की तोंडून काय निघतं ते इथे लिहिता येणार नाही. उरलेला एक तारा मगाशी सांगितलेल्या भगदाडाचा.

मॅटबद्दल न बोलता बॅगेची परीक्षा अपुरी राहील. अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत, जमिनीचा गारठा मॅटच अडवते. तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे गारठा अडवण्याच्या ताकदीचा आकडा, बघायची. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या मानकामुळे आता वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांची बेरीज होते. बर्फावर ५ च्या पुढे असलेली बरी. हवेच्या दोन मॅट शेजारी ठेवल्या की रात्री त्या एकमेकींपासून सरकतात आणि जोडलेली बॅग बरोबर त्या फटीत बसते. पट्ट्याने आवळून घ्या, नाहीतर मधे कोणी झोपायचं याची वाटाघाटी होत राहील.

बॅगेत झोपणारे आपण दोघंच नसतो, हेही खरेदीच्या वेळी धरा. गॅसचा डबा, कॅमेऱ्याची बॅटरी, फोन, उद्याचे मोजे, आणि पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर. फिल्टर ओला असताना गोठला तर आतले तंतू फाटू शकतात, ते बाहेरून दिसत नाही आणि तो घाण पाणी निमूटपणे पुढे सोडतो. म्हणून त्याला पिशवीत घालून पायाशी. एकट्याची निमुळती बॅग यासाठी फार तंग नसावी. आमची बेताची आहे, चालून जातं.

पिसांचा एक कच्चा दुवा म्हणजे ओल. गारठ्यात तोंड आत घालून श्वास सोडायचा मोह होतो, पण ती वाफ पिसांतच मुरते आणि रात्रीगणिक बॅग चपटी होत जाते. नाकावर मफलर घ्या, तोंड बाहेर ठेवा. सकाळी ऊन आलं की चहा होईपर्यंत बॅग उलटी करून तंबूवर टाका. गावात मोठा ड्रायर मिळाला तर मंद आचेवर, दोन-तीन टेनिसचे चेंडू सोबत टाकून फिरवा, गुठळ्या फुटतात. वाळली असं वाटल्यावरही अजून एक फेरी द्या, कारण कापड सुकल्यानंतरही आतली पिसं बराच वेळ ओली असतात. आणि प्रवास संपल्यावर छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सैल पिशवीत किंवा कपाटात टांगून ठेवा.