संघ घसरलाय: कोच आतला नेमायचा की बाहेरचा?

फुटबॉल संघाचे सलग चार-पाच पराभव झाले की क्लबच्या बैठकीत चर्चा थेट नव्या कोचच्या नावांवरच येते: क्लबमधलाच सहायक (आतला) की नवा माणूस (बाहेरचा)? त्याआधी एक प्रश्न उरतो आणि तोच सहसा कुणी विचारत नाही: कोच बदलायलाच हवा का?

बऱ्याचदा नको. नेदरलंड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या अव्वल लीगचे अनेक हंगाम तपासले. तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी कोच बदलला नाही, ते संघही जवळपास तसेच सावरले होते. पोस्टला लागलेले फटके, जखमी स्टॉपर (मधला बचावपटू), ओळीने आलेले तगडे प्रतिस्पर्धी हे सगळं काही आठवड्यांत आपसूक निवळतं आणि श्रेय नव्या माणसाला जातं. म्हणून शेवटच्या सहा सामन्यांचं रेकॉर्डिंग काढा आणि दोन्ही बाजूंनी बॉक्समधून (गोलसमोरच्या चौकटीतून) किती मोकळे फटके बसले ते मोजा. संधी पूर्वीइतक्याच मिळत असतील आणि गोल तेवढे होत नसतील, तर आहे त्याच कोचला ठेवा. प्रतिस्पर्ध्याला दर सामन्यात पाच-सहा मोकळे फटके मिळत असतील, चेंडू गेल्यावर विंगर (कडेने खेळणारे) परत धावत नसतील आणि हे तासाभरानंतरच नव्हे तर विसाव्या मिनिटालाही दिसत असेल, तर बदल टाळता येणार नाही.

आतल्या माणसाचं सर्वांत चांगलं उदाहरण गोव्यातलंच आहे. 2020 च्या जानेवारीअखेरीस इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने कोच सर्जिओ लोबेरा यांना हटवलं, तेव्हा साखळीतले तीनच सामने उरले होते. सूत्रं क्लबमधल्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. संघाने 4-1, 5-2 आणि 5-0 असे तिन्ही सामने जिंकले आणि साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी लीग विनर्स शील्ड पटकावली. मिरांडांनी रचनेला हात लावला नाही, हेच शहाणपण. 2023 मध्ये ओडिशा एफसीची हंगामी जबाबदारी घेऊन त्यांनी सुपर कपही जिंकून दिला. तीही मोजक्याच सामन्यांची स्पर्धा.

मोठ्या अंतरावर मात्र हा पर्याय दमतो. 2021 च्या डिसेंबरमध्ये गोव्याचे कोच हुआन फेरांडो गेले आणि क्लबमधलेच अनुभवी डेरिक परेरा आले. बराच हंगाम बाकी असूनही गोवा अकरा संघांत नववा राहिला. आतला माणूस जुनीच घडी चालू ठेवतो. घडीच बिघडलेली असेल, तर कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायला त्यांनाच बाकावर बसवणं त्याला जड जातं.

बाहेरच्या माणसाला ती भीड नसते. त्याच लीगमधल्या चेन्नईयन क्लबने 2019-20 मध्ये सहा सामन्यांत एकच विजय मिळवला होता. डिसेंबरमध्ये ओवेन कॉयल आले आणि बहुतेक त्याच खेळाडूंना घेऊन संघ चौथ्या क्रमांकावर पोचला. उपांत्य फेरीत समोर मिरांडांचाच गोवा होता. चेन्नईत 4-1, फातोर्ड्यात 2-4, दोन्ही लढती मिळून 6-5 ने चेन्नई पुढे. पहिल्या लढतीतली ती तफावत भरून काढायला गोव्याला घरचं मैदानही पुरलं नाही. कॉयल यांच्या हातात वेळ होता, हे विसरू नका. त्याहून जास्त वेळ लोबेरांना मिळाला होता. 2016 मध्ये तळाला गेलेला गोव्याचा संघ त्यांनी 2017 च्या मोसमपूर्व सरावापासून नव्याने बांधला, कोरोसारखे आक्रमक खेळाडू आणले आणि साखळीत 18 सामन्यांत 42 गोल झाले. चेंडू खेळवत ठेवायची शैली हंगामाच्या मध्यावर आणून रुजत नाही. गोलकीपरला पायाने पास देता येत नसेल, तर मागून खेळ उभारायच्या हट्टापायी दुसऱ्याच सामन्यात दोन गोल भेट जातात.

कोच कुणीही असो, पहिल्या आठवड्यात त्याने काय करावं यात फारसा फरक नाही. शनिवारी सामना असेल तर मागच्या लढतीत तासाभराहून जास्त खेळलेल्यांना सोमवारी हलकी धाव आणि स्ट्रेचिंग एवढंच. मंगळवारी बचावाची घडी: चार-चारच्या दोन फळ्या, सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या खेळाडूत 30 मीटरहून जास्त अंतर नाही, 20-20 मिनिटांचे दोन टप्पे, मध्ये थांबून जागा दुरुस्त करणं. बुधवारी चेंडू हिसकावल्यावर पहिला पास पुढे कुणाला, एवढाच धडा. गुरुवारी अकरा विरुद्ध अकरा, अर्धा तास. शुक्रवारी कॉर्नर आणि फ्री किक, दोन्ही बॉक्समध्ये. घसरलेल्या संघाला गुण सर्वांत स्वस्तात मिळतात ते इथेच. आतल्या माणसाचे दोन दिवस वाचतात, कारण कोण डाव्या पायाचा, कुणाचा गुडघा दुखतो हे त्याला ठाऊक असतं आणि ड्रेसिंग रूममधली कोकणी कुजबुजही कळते.

बाहेरचा माणूस फसतो तो बहुधा धावायच्या बाबतीत. आल्याआल्या 'हे फिट नाहीत' म्हणून तो दुप्पट धावायला लावतो आणि दहा दिवसांत दोघांचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) जातात. म्हापशाच्या धुळेर मैदानावरच्या कृत्रिम गवतावर, भर दुपारच्या दमट हवेत 90 मिनिटं प्रेसिंग (प्रतिस्पर्ध्यावर पुढे जाऊन सतत दबाव) करणं कुणालाच जमत नाही. प्रत्येक हाफमधली पहिली 15 मिनिटं दाबून खेळा, मग मागे सरका.

आमचा कौल असा: सहापेक्षा कमी सामने उरले असतील तर सहायकच. दहापेक्षा जास्त उरले आहेत आणि खेळाडू बदलायची खिडकी अजून उघडायची आहे, तर बाहेरचा. मधल्या टप्प्यात आम्ही सहायकाकडे झुकतो, पण संघनिवडीचा शेवटचा शब्द त्याचा, हे लेखी देऊन. नाहीतर कमिटीतले तिघे शुक्रवारी रात्री अकराजणांची नावं सुचवतात.

खर्च धरताना जुन्या कोचची उरलेली रक्कम आणि नव्याबरोबर येणारा फिटनेस ट्रेनर दोन्ही धरा. लीगची कोचिंग लायसन्सची अट नेमणुकीआधी तपासा. करार हंगामअखेरपर्यंतचा ठेवा आणि मुदतवाढ गुणांशी जोडा. कोच मुदतीआधी गेला तर क्लबला मिळायची रक्कम त्यात ठरवली असेल तर ती इतकी ठेवा, की तेवढ्यात मधल्या हंगामात दुसरा कोच आणता येईल: फेरांडोंसाठी अशीच रक्कम भरून एटीके मोहन बागानने त्यांना ऐन डिसेंबरात नेलं होतं.